एकोणीस नंबरमधला तिसरा

अमेरिकेच्या लोकसंख्येत मी एका माणसाची भर घातली आहे. लग्न न करता. दोन हजार दहा सालच्या मार्च महिन्यात, डिअरबॉर्नमध्ये, आमच्याच गल्लीतल्या एकोणीस नंबरच्या घरी बसून, निळ्या पेननं.

पुढचे दोन महिने तो माणूस आहे की नाही, हे शोधण्यात गेले. आणि नसेल तर त्याला कागदावरून कसं उतरवायचं, तेही त्याच्या आईला दिलेला शब्द न मोडता, हे शोधण्यात. नसलेल्या माणसाला आई कशी, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

त्या वर्षी मला नोकरी नव्हती. आईचं म्हणणं, मला नोकरी कधीच नव्हती, त्या वर्षी फक्त ते जास्त दिसायला लागलं. म्हणून तिनं मला आमच्या लोकांच्या संस्थेत सलवा मॅडमपुढे नेऊन उभं केलं. जनगणना येत होती. मॅडमना प्रत्येक गल्लीत एक असा पोरगा हवा होता, जो घरोघरी जाऊन अरबांना सांगेल की, बाबांनो, स्वतःला मोजून घ्या.

"आपण शाळेत जास्त आहोत," मॅडम म्हणाल्या, "दवाखान्याच्या रांगेत जास्त आहोत, लग्नात तर हॉलच्या बाहेर उभे असतो. कागदावर मात्र कमी. हे असं का?"

"लाजाळू आहोत," मी म्हणालो.

त्यांनी मला चौतीस घरांची यादी दिली.

लाजाळूपणाचा प्रश्न नव्हता. बावीस नंबरचा अबू फौजी न्हावी आहे. तो म्हणाला, "आज मोजतील, उद्या नेतील." मी म्हटलं, कायदाच आहे, लिहिलेलं बहात्तर वर्षं कुलपात राहतं, कुणाला दाखवत नाहीत. "आणि बहात्तर वर्षांनी?" म्हटलं, उघडतात. "म्हणजे माझ्या नातवाला नेतील," अबू फौजी म्हणाला आणि वस्तरा पुसायला लागला.

सव्वीस नंबरच्या हज्जा आजींनी नातवंडांची संख्या सांगायला साफ नकार दिला. मोजलं की नजर लागते. मग मी दाराबाहेरचे चपलाबूट मोजले. तेवीस निघाले. म्हणजे साडेअकरा माणसं. आजी म्हणाल्या, बरोबर आहे, तेवढेच असतील. नंतर कळलं, एक चप्पल कुत्र्यानं नेली होती आणि एक जोड प्लंबरचा होता.

आणि वंशाचा प्रश्न तर सगळ्यांनाच अडत होता. त्या फॉर्मवर सामोआच्या लोकांना चौकोन आहे, ग्वामच्या लोकांना आहे, अरबांना नाही. मॅडमनी शिकवलं होतं की 'इतर' वर खूण करायची आणि पुढे हातानं 'अरब' लिहायचं.

"आणि नाही लिहिलं तर?" लोक विचारायचे.

"तर तुम्ही गोरे."

"मग हे विमानतळावर कुणी सांगत का नाही?"

मी पुढच्या घराकडे वळायचो.

अशी अठरा घरं झाली. सत्तावीस मार्चला, शनिवारी, मी एकोणीस नंबरला गेलो. अबू वहीबचं घर. अंगणात एक माणूस बादली डोक्यावर घालून उभा होता. मी त्याला सलाम केला. तो अंजीर होता. आमची लेबनॉनची मंडळी इथल्या थंडीत अंजिराला जुन्या रजया गुंडाळून वर बादली पालथी घालतात. मी जन्मल्यापासून हे बघतोय आणि दरवर्षी एकदा तरी सलाम करतो.

अबू वहीब गाड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं दरवाजे बसवून निवृत्त झालेले. हळू बोलतात. प्रत्येक वाक्य नीट बसलंय ना हे ढकलून बघतात, मग पुढचं. उम्म वहीब त्यांच्या उलट. दोघं बिंत जबेल भागातल्या एका खेड्यातून आलेली, माझ्या आजोळच्या शेजारचं खेडं. म्हणून ती मला मावशी लागते, खालतो. आणि आमच्यात मावशी भाच्यालाही 'खालतो'च म्हणते, काका पुतण्याला 'अम्मो'च म्हणतो. कोण कुणाचं कोण, ते बाहेरच्यानं ऐकून ठरवू नये.

"बस, अम्मो," काका मला म्हणाले.

"बसलो, अम्मो," मी त्यांना म्हणालो.

एक नंबरचा माणूस. मी लिहिलं 'अबू' आणि थांबलो. हे नाव नव्हे. आमच्यात थोरल्या मुलाच्या नावावरून आईबापाला हाक मारतात. अबू वहीब म्हणजे वहीबचा बाप, उम्म वहीब म्हणजे वहीबची आई. मी झाल्यापासून माझ्या बापाचं खरं नाव फक्त बँकेला माहीत आहे.

"अम्मो, तुमचं नाव काय?"

काका बराच वेळ आठवत राहिले. मग आत जाऊन लायसन्स घेऊन आले. कामिल होतं. मावशीचं नझीहा. आम्ही तिघंही जरा अवघडलो, कुणाचं तरी गुपित फुटल्यासारखं.

तेवढ्यात काका संत्री आणायला तळघरात गेले. संत्री नसताना पाहुण्याला प्रश्न विचारू देणं त्यांना बरोबर वाटत नव्हतं. मी तीन नंबरच्या रकान्यात लिहिलं: वहीब.

"वहीबचं वय काय, खालतो?"

मावशीच्या हातात कॉफीची किटली होती. ओतता ओतता ती थांबली. माझ्याकडे बघितलं. कुणी फार दिवसांनी ओळख दिल्यावर बघावं, तसं.

"एकोणतीस," ती म्हणाली.

"जन्मतारीख?"

"नऊ नोव्हेंबर." वर्ष सांगायला ती एक क्षणही थांबली नाही. "ऐंशी. पहाटे."

पहाटेला रकाना नव्हता. "इथंच राहतो ना? म्हणजे झोपतो कुठं, तो प्रश्न आहे."

"इथंच. मागची खोली." मागच्या खोलीचं दार बंद होतं.

मला काही वावगं वाटलं नाही. वहीबला मी ओळखत होतो. म्हणजे अलीकडे पाहिलं नव्हतं, पण लहानपणी सायकल शिकवताना मागून धरायचा, उंच, डावखुरा. मी सगळे चौकोन भरले. मावशीनं विचारलं, "हे वाचणार कोण?"

"कुणी नाही. बहात्तर वर्षं कुलूप."

"अबू वहीब पण नाही?"

"अम्मो पण नाही."

"शब्द दे."

मी दिला. पाकीट तिनं स्वतः जिभेनं ओलं करून चिकटवलं. काका संत्री घेऊन वर आले तेव्हा आम्ही दोघं हवामानाबद्दल बोलत होतो.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "वहीब फारसा बाहेर पडत नाही वाटतं. दिसला नाही."

"कोण वहीब?"

"अबू वहीबचा वहीब."

आई भेंडी चिरत होती. "तो नाहीये."

"वारला?"

"काहीतरी बोलू नकोस. नाही वारला."

"मग गेला कुठं?"

"कुठं जाणार? झालाच नाही तर जाईल कुठं? त्यांना मूल नाही, तलाल."

मी खुर्ची ओढून बसलो. "मग अबू वहीब कसे?"

"सतरा वर्षांचे होते तेव्हापासून आहेत. त्यांच्या बापाचं नाव वहीब. थोरल्या मुलाला आजोबाचं नाव ठेवणारच, म्हणून गावानं आधीच हाक मारायला सुरुवात केली. मानानं. तुझ्या मामालाही म्हणायचे लग्नाआधीपासून. मग इथं आले, हाक मागोमाग आली. मूल आलं नाही."

"आई, पण तो मला सायकल शिकवायचा."

"तुला सायकल येत नाही," आई म्हणाली.

हे खरं होतं. मी फार अस्वस्थ झालो.

दुसऱ्या दिवशी केस कापायच्या निमित्तानं अबू फौजीकडे गेलो आणि सहज विषय काढला. वहीब? चांगला पोरगा, अबू फौजी म्हणाला, चौऱ्याण्णव साली माझ्या गाडीची काच फोडली, पण कबूल केलं. केस दाट, मागं भोवरा. खुर्चीत बसलेला दुसरा गिऱ्हाईक म्हणाला, इंजिनियर झाला ना तो? तिसरा म्हणाला, नाही, फार्मसी. अबू फौजी म्हणाला, आईच्या मनात फार्मसी होतं, झाला इंजिनियर. मी बाहेर पडलो तेव्हा मला केस कमी होते आणि वहीबला शिक्षण, नोकरी आणि एक मोडलेला साखरपुडा होता.

सोमवारी मी सलवा मॅडमकडे गेलो.

"मॅडम, एक माणूस जास्त झालाय."

"बाळ? बाळं तर लोक हमखास विसरतात. छान केलंस."

"एकोणतीस वर्षांचा आहे. म्हणजे नाहीये. आईनं सांगितलं, आई म्हणते नाही. दुसरी आई. माझी."

मॅडमनी चष्मा काढला. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तलाल, इतकी वर्षं मी ओरडतेय की आपण कमी मोजले जातो. पहिल्यांदा कुणीतरी जास्त मोजला, तो नसलेला. उद्या कुणी म्हणालं की हे लोक माणसं बनवून लिहितात, तर तुझ्या चौतीसच्या चौतीस घरांवर रेघ पडेल. काढ त्याला."

"पाकीट गेलं पोस्टात."

"मग त्या बाईंना सांग, मोजणीवाले फोन करतील तेव्हा खरं सांगा म्हणावं."

मी कुंपणापाशी मावशीला गाठलं. ती अंजिराच्या रजईची दोरी आवळत होती. मी म्हटलं, खालतो, ते तिसरं नाव. ती म्हणाली, हं. मी म्हटलं, चुकून लिहिलं गेलं, माझीच चूक.

"तुझी नाही," ती म्हणाली. दोरीची गाठ मारून झाली. "अडतीस वर्षं सगळी गल्ली मला त्याच्या नावानं हाक मारते. भाजीवाला मारतो, इमाम मारतात. इतक्या जणांत त्याचं वय कुणी विचारलं नाही रे कधी. तू विचारलंस."

मी म्हणालो, "तारीख लगेच सांगितली तुम्ही."

"त्या वर्षी वाटलं होतं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी नऊ नोव्हेंबर दिली होती. उन्हाळ्यापर्यंतच टिकलं." मग बादली सरळ केली. "कागदावर राहिला तर कुणाचं काय जातं? तूच म्हणालास, कुणी वाचत नाही. यांना मात्र कळता कामा नये. यांनी त्यानंतर तो विषय एकदाही काढलेला नाही. मी खोटं लिहून दिलं असं कळलं, तर रागावणार नाहीत, गप्प बसतील. ते गप्प बसले की महिना जातो."

मी म्हटलं, बघतो. मॅडमना पण मी 'बघतो' असंच म्हटलं होतं. आता दोघींसाठी मी दोन उलट गोष्टी बघणार होतो. रोज सकाळी उठून बघत होतो. काही दिसत नव्हतं.

मेमध्ये मॅडमचा फोन आला. काही घरं दुसऱ्यांदा तपासतात, आमच्या गल्लीतून एकोणीस नंबर निघाला होता. मिसेस नोव्हाक नावाची मोजणीवाली बाई मंगळवारी येणार. दुभाषा हवा होता. दुभाषा मी.

मिसेस नोव्हाक साठीच्या, गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर मोठी काळी पिशवी. अंगणात अंजीर आता उघडा होता, चार हिरवी पानं आणि बाकी काठ्या. मी या खेपेला सलाम केला नाही, तर काकांना वाटलं मी त्यांना केला नाही. सुरुवातच बिघडली.

आत बसल्यावर बाईंनी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि कॉफी आली. दुसऱ्यांदा उघडलं तर मामूल आले, खजूर भरलेले. तिसऱ्यांदा काकांनी बाईंच्या नवऱ्याची तब्येत विचारली. मी भाषांतर केलं. नवरा नव्हता. काकांनी त्याबद्दल दुःख व्यक्त केलं. तो फ्लोरिडात होता. काकांनी त्याबद्दलही दुःख व्यक्त केलं. मला आशा वाटायला लागली की संध्याकाळ होईल आणि त्या निघून जातील.

पण सरकारी माणूस शेवटी कागद काढतोच.

"एक एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती?"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, रिकामा ट्रे छातीशी धरून. मी तिच्याकडे बघितलं नाही, त्यामुळे सगळ्यांना कळलं असेल की मी बघत नाहीये. मी प्रश्न अरबीत सांगितला. जितका हळू सांगता येईल तितका.

"दोन," काका म्हणाले. त्यांना इंग्रजीत दोन येत होतं.

"पण इथं तिघं आहेत," मिसेस नोव्हाक म्हणाल्या आणि कागद त्यांच्यापुढे फिरवला. "हे तिसरे कोण?"

मी म्हणायला हवं होतं की माझी चूक. तयारी करून आलो होतो. पण काकांनी चष्मा लावला होता आणि बोट ओळीवर ठेवलं होतं. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, असं मी दोन महिने धरून चाललो होतो. एकतीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला वाचता येतं. आपल्या बापाचं नाव तर येतंच. बोट नावावरून तारखेवर गेलं. नऊ. नोव्हेंबर. ऐंशी. तिथं ते थांबलं.

मावशीनं ट्रे दाराशीच टेकवला.

काकांनी चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला, खिसा थोपटला. मग बाईंकडे वळून अरबीत म्हणाले, "वहीब."

"वहीब," मी भाषांतर केलं.

"तो गेला."

मी भाषांतर केलं नाही. "कुठं, अम्मो?"

"ह्यूस्टनला. नोकरी लागली." वाक्य बसलंय का ते ढकलून बघितलं. बसलं होतं. "हा पोरगा फॉर्म भरायला आला तेव्हा होता. सत्तावीस तारखेला. एकतीस मार्चला गेला. संध्याकाळच्या गाडीनं."

मी शब्दाला शब्द सांगितलं. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"म्हणजे एक एप्रिलला ते इथं नव्हते," मिसेस नोव्हाक म्हणाल्या.

"नव्हता."

"परत येणार आहेत?"

काकांनी याचा विचार केला. "मुलं म्हणतात येणार. येतात कुठं?"

मिसेस नोव्हाकनी मान हलवली. त्यांनाही मुलं असावीत. "मग ह्यूस्टनचा पत्ता द्या, तिथं मोजलंय का ते बघू."

मी याचंही भाषांतर केलं.

"घर शोधतोय अजून," काका म्हणाले.

तेव्हा दारातून मावशी बोलली. "कोट नेला नाही त्यानं."

सगळे तिच्याकडे वळले. तिचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता. रडेल की ओरडेल, काही सांगता येत नव्हतं. काकांनी मान न वळवता उत्तर दिलं.

"तिथं लागत नाही कोट. गरम असतं."

"न जेवता गेला."

"डबा दिला होता मी," काका म्हणाले. "तू झोपली होतीस. उठवू नका म्हणाला."

मिसेस नोव्हाकनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, घरगुती. त्यांनी तिसऱ्या नावावर सरळ एक रेघ मारली, खाडाखोड न करता, शेजारी काहीतरी छोटं लिहिलं आणि काकांची सही घेतली. कामिल. सही करताना काकांनी पुन्हा लायसन्स बघितलं. निघताना बाईंच्या पिशवीत मावशीनं अर्धा डबा मामूल भरले. सरकारी माणसाला काही घेता येत नाही, असं त्या म्हणत होत्या. मी त्याचं भाषांतर केलं नाही, तसंच शिकवलं होतं घरी.

मी रेंगाळलो. मला काकांना विचारायचं होतं. नक्की काय विचारायचं होतं, ते ठरत नव्हतं. शेवटी म्हटलं, "अम्मो, तुम्हाला राग आला का?"

"कशाचा?"

"म्हणजे... तो असा..."

"अम्मो," ते मला म्हणाले, "तू पण लवकर नोकरी बघ."

संध्याकाळी मॅडमना फोन केला. दोन आहेत, दोनच लिहिलेत, खरं तेच. त्या म्हणाल्या, शाबास, पण त्यांनी त्या तिसऱ्याचं काय सांगितलं? मी सांगितलं. मग मॅडमनी विचारलं, "ह्यूस्टनमध्ये आपली एक शाखा आहे. त्यांना सांगायचं का?"

"काय, मॅडम?"

"तेच कळेना," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ही बातमी मी कुणालाही सांगितली नाही. तरी बुधवारी अबू फौजीच्या दुकानात ठरलं होतं की पगार चांगला आहे, पण भाडं फार. गुरुवारी हज्जा आजींनी मावशीच्या दारात येऊन तिला धीर दिला. शुक्रवारी मी आणि आई एकोणीस नंबरवरून जात होतो. मावशी अंजिराला पाणी घालत होती. आई कुंपणाशी थांबली.

"काय म्हणतो वहीब?" आईनं विचारलं.

"काय म्हणणार," मावशी म्हणाली. "फोन करत नाही."

"नाहीच करत मेले. हा माझा तर घरात राहून बोलत नाही."

"जेवतो की नाही देव जाणे."

"करेल गं. नवीन आहे, रुळू दे."

दोघी पंधरा मिनिटं बोलल्या. मी हातात भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. कोपऱ्यावर वळल्यावर मी आईला म्हटलं, "तूच म्हणाली होतीस ना, तो नाहीये."

"नाहीच आहे," आई म्हणाली. "ह्यूस्टनला आहे. पिशवी नीट धर."